जिथे सूर्य मावळत नाही

परदेशप्रवास ही आता आपल्या व्यापारी कुटुंबांत नवलाईची गोष्ट उरलेली नाही. तरुण मंडळी दुबई-सिंगापूरला सहज जाऊन येतात. ज्येष्ठ दांपत्ये मात्र दोन शंकांपाशी थबकतात : पेढी कोण पाहील, आणि नियमधर्माचे काय होईल? गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरातून जहाजाने निघालो आणि नॉर्वेच्या किनाऱ्याने थेट युरोपच्या उत्तर टोकापर्यंत जाऊन आलो. चौदा रात्रींच्या त्या प्रवासाने या दोन्ही शंकांना जे उत्तर दिले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमची सांगलीत हळदीची अडत आहे. विवाहाला एकेचाळीस वर्षे झाली. पण एवढ्या काळात आम्ही दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. तीर्थयात्रा घडल्या त्या संघाबरोबर आणि लग्नकार्ये झाली ती गोतावळ्यात. हंगाम ओसरल्यावर चिरंजीवांनी तिकिटे हाती ठेवली, तेव्हा सौ.ने शांतपणे विचारले, "अहो, तिथे या दिवसांत सूर्य मावळतच नाही म्हणतात. मग माझा नियम कसा पाळायचा?" सव्वीस वर्षे तिने सूर्यास्तानंतर अन्न घेतलेले नाही. हा प्रश्न सुटल्याखेरीज ती उंबरठा ओलांडणार नाही, हे मला ठाऊक होते. दोन दिवसांनी तिनेच निर्णय सांगितला : आकाशात सूर्य कुठेही असो, जहाजाच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजले की आपले ताट उचलायचे.

जहाज म्हणजे पाण्यावरचे एक बहुमजली गावच. चढताच पहिले काम म्हणजे संकटकाळी कोठे जमायचे याची कवायत; ती चुकवता येत नाही. दुसरे काम आम्ही स्वतःहून केले. भोजनगृहाच्या प्रमुखांना भेटून कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असल्याचे पुन्हा समजावले. तिथे मडगावचा एक तरुण आचारी भेटला. गोव्याची कितीतरी मुले अशा जहाजांवर नोकरी करतात. "मावशी, पाच वाजता तुमचं जेवण तयार असेल," असे तो मराठीत म्हणाला, तेव्हा सौ.च्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने आपला शब्द शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. मूगडाळ, कोबीची भाजी, भात आणि फुलके एवढ्या साध्या ताटाची किंमत तिथे कळली.

पहिला मुक्काम बर्गेन. धक्क्यालगत रंगीत लाकडी घरांची एक रांग आहे. तिला ब्रिगेन म्हणतात. 1979 पासून तिची गणना जागतिक वारसास्थळांत होते. 1360 च्या सुमारास उत्तर जर्मनीच्या हान्सा संघातील व्यापाऱ्यांनी येथे पेढी स्थापली आणि ती 1754 पर्यंत चालली. मासळी हा त्यांचा मुख्य माल. तो आपल्या विचाराबाहेरचा. पण दक्षिणेचे धान्य उत्तरेला पाठवायचे, तिथल्या कोळ्यांना आगाऊ उचल द्यायची आणि पुढच्या हंगामात मालाने फेड घ्यायची, हा व्यवहार ऐकताना मला आमची जुनी खातेवही आठवली. एक गोष्ट मात्र मनाला लागली. या व्यापाऱ्यांना तिथे विवाह करण्याची मुभा नव्हती. उमेदवारीला आलेली कोवळी मुले कपाटासारख्या खाटांवर निजत. लाकडी घरांना आगीचे भय, म्हणून राहत्या घरात चूलही नसे. स्वयंपाक आणि शेक मागच्या वेगळ्या दालनांत. एवढे करूनही 1702 च्या आगीत सारे भस्म झाले आणि आजची घरे त्यानंतर उभी राहिली. अरुंद बोळातून चालताना सौ. म्हणाली, "इतका व्यापार केला, पण घर नव्हतं." मी काही बोललो नाही. पेढीवर रात्री दहापर्यंत बसण्याची माझी वर्षे मला दिसत होती.

गायरांगर हा सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा फियोर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्र. दोन्ही बाजूंना सरळ कडे, त्यांवरून कोसळणाऱ्या 'सात बहिणी' आणि समोरच्या कड्यावर 'वर' नावाचा एकटा धबधबा. उंच कपारींत ओसाड शेतघरे दिसतात. त्यांपैकी एका घराची आख्यायिका मोठी गमतीची आहे. करवसुलीचा अधिकारी येताना दिसला की घरमालक वर यायची शिडीच ओढून घेई! आमच्या गटातील सारे व्यापारी यावर मनापासून हसले.

ओलेसुंद शहर 23 जानेवारी 1904 च्या आगीत जवळजवळ संपूर्ण जळाले आणि सुमारे दहा हजार माणसे भर थंडीत उघड्यावर आली. अवघ्या तीन-चार वर्षांत त्यांनी दगड-विटांचे नवे, देखणे नगर उभारले. ते वरून पाहण्यासाठी 418 पायऱ्या चढाव्या लागतात. सहप्रवासी धापा टाकत होते. सम्मेदशिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना केलेल्या सौ.ला त्याचे काहीच वाटले नाही.

तिथून जहाज आणखी वर गेले आणि रात्र नाहीशी झाली. होनिंग्सवोग बंदरातून बसने आम्ही नॉर्थ केपला पोहोचलो. समुद्रापासून 307 मीटर उंचीचा हा कडा. येथे 14 मेपासून 29 जुलैपर्यंत सूर्य क्षितिजाखाली जात नाही. उलट हिवाळ्यात सुमारे दोन महिने तो उगवतच नाही. सयामचे राजे चुलालोंगकोर्न 1907 मध्ये येथे आले होते. लोखंडी पृथ्वीगोलाभोवती गर्दी होती. मध्यरात्रीचे बारा वाजले, तेव्हा सूर्य क्षितिजाच्या थोडा वर होता आणि समुद्रावर तांबूस प्रकाश पसरला होता. लोक पेले उंचावत होते, खात होते. सौ. जरा बाजूला एका खडकावर बसून णमोकार मंत्र म्हणत होती.

कोणीतरी आपुलकीने बिस्किटे पुढे केली. "सूर्य तर आहे," मी सहज म्हणालो. ती म्हणाली, "सूर्य आहे, पण सहा वाजून गेले ना." त्या उत्तरात हट्ट नव्हता. सांगलीत सूर्य मावळतो, दिवे लागतात, घरातली माणसे आठवण करतात. नियमाला चारी बाजूंनी आधार असतो. इथे त्यातला एकही आधार नव्हता, तरी नियम होता. तो तिचा स्वतःचा आहे, हे मी एकेचाळीस वर्षांनी पाहिले. मी बिस्कीट घेतले नाही आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो. वारा बोचरा होता. सुमारे तासभर आम्ही फारसे न बोलता समुद्र पाहत होतो. इतका वेळ एकत्र बसल्याचे दोघांनाही आठवेना.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आमच्या या सफरीला एकच शेंगेन व्हिसा पुरला. आहाराची सूचना तिकीट काढतानाच लेखी द्यावी आणि जहाजावर पोहोचताच पुन्हा सांगावी. खाकरे, मेतकूट, भाजके पोहे जवळ असावेत. जूनमध्येही लोकरी कपडे, टोपी, हातमोजे लागतात आणि उजेडात झोप यावी म्हणून डोळ्यांवर पट्टी. खुल्या समुद्रावर फोन फार महाग पडतो. तो बंद ठेवावा.

आम्ही तो बंदच ठेवला होता. परतल्यावर पाहिले, तर चिरंजीवांनी दोन जुन्या उधाऱ्या वसूल केल्या होत्या आणि खाती चोख होती. पेढीला माझी जितकी गरज आहे असे मी समजत होतो, तितकी ती नव्हती. आता संध्याकाळी सहाला मी दुकानातून उठतो. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आम्ही दोघे एकत्र घेतो.