वाऱ्याचा रकाना

सरकारी नोकरीतील उमेदीची वर्षे मी वेंगुर्ल्याच्या तालुका कचेरीत काढली. तेथे माझ्याकडे सोपविलेल्या अनेक कामांपैकी एक असे होते की, पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठच्या सुमारास आवारातील पर्जन्यमापकाचे नरसाळे काढावे, खाली साचलेले पाणी मोजपात्रात ओतून वाचावे आणि तो आकडा नोंदवहीत चढवून जिल्ह्याकडे रवाना करावा. या कामाची मला जी गोडी लागली, तिचे कारण आंबोलीचा आकडा. घाटमाथ्यावरील हे गाव आमच्यापासून सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटरांवर. तेथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावर त्याच्या निम्माही नाही. एवढा भेद सह्याद्रीच्या उंचीवर सोपवून स्वस्थ बसता येते. परंतु काही दिवशी क्रम उलटा होई. रात्रभर आमच्याकडे धो धो कोसळे आणि आंबोलीहून मात्र किरकोळ आकडा येई.

बंदरावरील एका वृद्ध मच्छीमाराला याचे यत्किंचितही नवल नव्हते. आषाढातल्या एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "वारो पडलो हा, भाऊसाहेब. आज राती पाऊस हयच पडतलो, घाटार जावचो नाय." दुसऱ्या दिवशीच्या नोंदीने त्याचे म्हणणे खरे ठरविले. तेव्हापासून मी नोंदवहीच्या समासात शिसपेन्सिलीने वाऱ्याची दिशा आणि जोर लिहू लागलो, कारण सरकारी पत्रकात वाऱ्याला रकानाच नव्हता.

त्या समासातल्या नोंदींचा अर्थ मला पुढे वाचनातून उमगला. मोसमी वाऱ्याचा खरा वेगवान प्रवाह ढगांच्या माथ्यावर नसून जमिनीपासून अवघ्या दीड किलोमीटरच्या आसपास असतो. दक्षिण गोलार्धातून निघून, केनियाजवळ विषुववृत्त ओलांडून आणि पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशाला घसटत तो सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर वळतो. द्वीपकल्पावरील या प्रवाहाचे अस्तित्व जोसेफ आणि रामन या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी 1966 साली दाखविले, आणि आफ्रिकेकडील त्याचा मार्ग फाइंडलेटर यांनी 1969 साली मांडला. पाऊस भरात असतो तेव्हा याचा गाभा पंधराव्या अक्षांशाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आमच्या डोक्यावरूनच, देशात शिरतो. आणि पावसाने ओढ दिली की तोच प्रवाह दक्षिणेकडे सरकून भारताला वळसा घालून जातो. श्रावणातल्या कोरड्या दिवसांत समुद्र एवढा जवळ असूनही पाऊस का नसे, हे कोडे मला येथे सुटले.

किनारा आणि घाट यांच्यातील वाटणीही बहुतांशी याच खालच्या वाऱ्याच्या हाती असते. वारा जोरकस असला म्हणजे बाष्पाचा भार घेऊन तो थेट कडा चढतो, आणि घाटमाथा झोडपला जातो. तो मंदावला म्हणजे बंधाऱ्याशी पाणी तुंबावे तसा सह्याद्रीपुढे तुंबतो. मागून येणारी हवा किनाऱ्याच्या अलीकडे, कधी समुद्रावरच, वर उचलली जाते. रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा तिला समोरून भेटला तर पहाटेची झड हमखास किनाऱ्यावर लागते. अर्थात हा नियम काटेकोर नव्हे. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा पसरतो, त्यात लहान भोवरे उत्पन्न होतात, आणि असा एखादा भोवरा जवळ आला की सगळे आडाखे बाजूला राहतात. तरीही माझ्या समासातील 'वारा पडला' या शेऱ्यापुढे किनाऱ्याचा आकडा वारंवार मोठा दिसे, ही गोष्ट मी खात्रीपूर्वक सांगू शकतो.

आज कोकणात शाळांतून, ग्रामपंचायतींतून, बागाइतदारांच्या अंगणांतून जे कोणी पाऊस मोजतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पावसाच्या आकड्याशेजारी वाऱ्याचाही एक रकाना आखावा, आणि त्यात वाऱ्याची दिशा व अदमासे जोर दररोज, न चुकता लिहावा.