आत्याबाईंचा समुद्र

"तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

आमच्या सासूबाईंचं हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. आम्ही राहतो दौंडला. आत्याबाई (मी त्यांना तसंच म्हणते) भीमेपलीकडे वडगाव रासाईला. ऊस, दोन म्हशी आणि दारची तुळस यांतून त्यांचा पाय निघायचा नाही. निघालाच तर पंढरपूरपर्यंत. आम्ही गणपतीपुळं केलं, हरिहरेश्वर केलं. येताना त्यांच्यासाठी कोकम आणि आंबापोळी आणली की झालं! त्यांना हौसच नाही, असं मी धरून चालले होते. खरं सांगू? तसं धरणं माझ्या सोयीचंही होतं.

एकदा धाकटीचा शंख कानाला लावून त्या बसलेल्या दिसल्या. तिला विचारत होत्या, "भीमेला पूर येतो, त्याच्याहून मोठा आवाज असतो का गं?" मला लाजच वाटली. ह्यांना म्हटलं, "या खेपेला आत्याबाईंना नेल्याशिवाय मी येत नाही." "तिला झेपायचं नाही," हे म्हणाले. "झेपेल तेवढं चालतील. म्हशींचं शेजारच्या काकू बघतील."

अलिबाग मुद्दामच निवडलं. तिथला कुलाबा किल्ला ऐन समुद्रात, पण ओहोटीला वाळूतून पायी जाता येतं. शिवाजीमहाराजांनी १६८० साली त्याचं काम सुरू करवलं. पुढे ते कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालं. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते, म्हणून तिथल्या माणसांना विचारूनच निघालो.

किनाऱ्यावर आत्याबाईंनी आधी चंद्रभागेला करतात तसा हात जोडून नमस्कार केला. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकल्या. "अगं बाई! एवढं पाणी, अन् घोटाच्या कामाचं नाही!" थोड्या वेळानं विचारलं, "आपली भीमा कुठं मिळते ह्याला?"

मी सांगितलं, भीमाशंकरला ती उगम पावते तिथून हा समुद्र फार लांब नाही. पण ती वळते पूर्वेला. पंढरपूर करून कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते पार बंगालच्या उपसागराला.

आत्याबाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. वाटेत एवढी गावं तहानलेली, ती कशी येईल इकडं?"

माझ्याच्यानं काही बोलवेना.

चपला पिशवीत टाकून, माझा हात धरून त्या किल्ल्यापर्यंत चालत गेल्या. ओल्या वाळूत पाय रुतत होते, तरी कुठं बसल्या नाहीत. आत सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं. तिथं गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंनी खारं आणि मधे हे! आत्याबाई काठाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. "झेपायचं नाही" म्हणणारे आमचे हे फराळाची पिशवी सांभाळत मागून येत होते. भरतीच्या आत परतायचं म्हणून मीच घाई केली.

मैत्रिणींनो, खाऱ्या पाण्यात भिजलेलं लुगडं त्याच दिवशी गोड्या पाण्यातून दोनदा काढा, नाहीतर मिठाचे डाग राहतात. आणि घरातली म्हातारी "मी घर सांभाळते" म्हणाली, तर एकदाच विचारून थांबू नका.

गावी परतल्यावर आत्याबाई पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन आधी शेजारच्या काकूंकडे गेल्या. मी ओट्यावरून ऐकत होते.

"आता तू जाऊन ये. तुझ्या म्हशी मी बघते."