मॉर्फिन राखून ठेवू नका

औषधशास्त्र शिकवताना एक वाक्य मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो : मॉर्फिन शेवटासाठी राखून ठेवा. रोज दिलं की शरीर त्याला सरावतं, डोस वाढवत न्यावा लागतो आणि खरी गरज पडते तेव्हा हाती काहीच उरत नाही, असा माझा हिशेब होता. आता मी ते वाक्य सांगत नाही.

माझं मत उंदरांवर उभं होतं. प्रयोगशाळेत साधारण 55 अंश तापवलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि तो किती सेकंदांनी पंजा चाटतो ते मोजायचं. मॉर्फिन टोचलं की तो बराच वेळ निवांत उभा राहतो. तेच इंजेक्शन रोज देत गेलं की काही दिवसांत पंजा पुन्हा लवकर उचलला जातो. मॉर्फिन ज्यांच्यावर काम करतं ते चेतापेशींवरचे म्यू रिसेप्टर प्रतिसाद देईनासे होतात. हे सगळं खरं आहे, आजही शिकवतो. पण त्या उंदराला मुळात काही दुखत नव्हतं.

इथे नाशिकमध्येच एका डॉक्टर मित्राच्या पॅलिएटिव्ह ओपीडीतल्या नोंदी चाळायला बसलो, तेव्हा डोस चढतच गेलेले दिसणार याची मला खात्री होती. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण बरेच. आठवडेच्या आठवडे डोस तोच. मध्येच उडी दिसली, तर बहुतेकदा त्याच पानावर नवी गाठ किंवा आजार हाडात पसरल्याची नोंद. निफाडकडच्या एका शेतकऱ्याच्या पानावर मात्र मी अडलो. मांडीच्या हाडात दुखणं, दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी. रेडिएशन झालं, दुखणं उतरलं, डोस टप्प्याटप्प्याने कमी केला आणि गोळी बंद झाली. शेवटी लिहिलं होतं, ‘झोप बरी. मळ्यात जातो.’ माझ्या हिशेबात हा माणूस बसतच नव्हता.

गोळी एकदम तोडली तर घाम, जुलाब, तगमग होते. पण ते व्यसन नव्हे. मळमळ आणि गुंगीला शरीर लवकर सरावतं, हा तर रुग्णाचा फायदाच. बद्धकोष्ठतेला मात्र ते जवळपास सरावत नाही.

भीती कायद्यालाही होती, ती व्यसनाची. मॉर्फिन अफूपासून बनतं आणि आपल्याकडे नीमचला सरकारी अफू कारखाना आहे, तरी 1985च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. महाराष्ट्राने 2012 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, 2014 मध्ये कायदा सैल झाला. औषध लिहिणारा हात मात्र अजून आखडतो.

म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो आहे असं नाही. अमेरिकेत साध्या दुखण्यांसाठीही मॉर्फिनच्या जातकुळीतल्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि त्याची किंमत लाखो जिवांनी मोजली. कंबरदुखीसाठी महिनोन्महिने ट्रॅमाडॉल हे त्याच जातकुळीतलं औषध खाण्याला माझा विरोध कायम आहे. 2018 मध्ये ते अंमली पदार्थ कायद्याखाली आलं हे बरंच झालं.

पण घरात कॅन्सरचं माणूस दुखण्याने रात्रभर बसून काढत असेल, तर ‘मॉर्फिन देता येईल का?’ असं डॉक्टरांना आजच विचारा. सोबत पोट साफ राहण्याचं औषध लिहून घ्या आणि गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका.