नावाचा रकाना

आमच्या घरात पौरोहित्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यामुळे त्र्यंबकेश्वरात माझा निम्मा दिवस लोकांची नावं विचारण्यात जातो. संकल्पाला यजमानाचं नाव आणि गोत्र लागतं. नारायण नागबलीला बसलेल्याला मागच्या तीन पिढ्या सांगाव्या लागतात. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणून वेळ निभावते. वडील, आजोबा, पणजोबा हेही जमून जातात. गाडी अडते ती पणजीपाशी. पाटावर बसलेला यजमान मोबाइलवरून गावाकडच्या चुलतीला विचारतो आणि पलीकडून उत्तर येतं, "अरे, तिला सगळे मोठी आईच म्हणायचे." मग आठवतं, की माहेरचं नाव वेगळं होतं आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं वेगळं. त्यातलं कुठलं सांगायचं, हे त्या घरात कुणीच ठरवलेलं नसतं.

जुन्या वह्या चाळल्या की नाव ठेवणाऱ्यांची मनंही वाचता येतात. आजोबाचं नाव नातवाला ठेवलेलं दिसलं की समजतं, म्हातारा घराला हवासा होता. दगडू, धोंडू, केरू ही नावं दिसली की ओळखावं, आधीची मुलं जगली नव्हती. या एकावर तरी कुणाची नजर पडू नये म्हणून आईबापांनी त्याला दगडधोंड्यांत आणि केरात लपवलं. आणि नकोशी हे नाव काय सांगतं, ते वेगळं समजावायला नको. 2011 साली सातारा जिल्ह्यात 285 नकोशींना समारंभाने नवी नावं दिली गेली. नाव मुलाच्या अंगावर असतं, पण त्यात दिसतो तो ठेवणारा.

हे रोज बघणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीच्या वेळी जरा सबुरीने घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही.

पहिली माती खाल्ली ती अक्षरावर. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. आमच्या मुलीचा जन्म हस्ताच्या तिसऱ्या चरणावर झाला आणि अक्षर आलं 'ण'. 'ण'वरून मराठीत नाव सुरू होत नाही. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला 'ञ'. अशा अक्षरांचे पालक माझ्याकडे आले, की मी हसून सांगायचो, "अहो, नावरस नाव कानात सांगायचं असतं. हाक मारायला तुम्हाला आवडेल ते ठेवा." शास्त्रातही नक्षत्रनाम वेगळं आणि व्यवहारनाम वेगळं. दुसऱ्यांना फुकट वाटलेला हा सल्ला घरी मात्र मला आठवला नाही. 'ण' नाही तर निदान 'न' हवाच, असं मी ठरवून टाकलं. पुरोहिताच्या मुलीचं नाव अक्षर सोडून ठेवलं तर लोक काय म्हणतील, ही खरी भीती. पत्रिका हे निमित्त.

बायकोच्या मनात नाव होतं गोदावरी. हाक मारायला गोदा. तिच्या आजीचं नाव ते, आणि नदी तर आमच्या उशाशी, ब्रह्मगिरीवर उगम पावलेली. मला ते जुनाट वाटलं. पण जुनाट वाटतं असं सांगायची लाज वाटली, म्हणून मी शास्त्र काढलं. गृह्यसूत्रात मुलीचं नाव विषमाक्षरी सांगितलंय आणि गोदावरी चार अक्षरी, सम. शिवाय मनुस्मृतीत नदीच्या नावाची मुलगी लग्नाला वर्ज्य सांगितली आहे. बायको बाळाचा लंगोट बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, या गावात निम्म्या घरांत एखादी गंगा, गोदा नाहीतर गौतमी आहे. त्यांची लग्नं कुणी लावली? तुमच्या वडिलांनीच ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बोलणं थांबवलं आणि ते मान्य केल्यासारखं दाखवलं. विचार बदलला नव्हता.

रात्री मोबाइलवर नावांच्या याद्या बघायचा नाद लागला. गावात कुणाचं नसेल असं नाव मला हवं होतं. एका यादीत 'नायशा' सापडलं. 'न'वरून, तीन अक्षरी, गोंडस, आणि पुढे लिहिलेलं: संस्कृत, अर्थ 'विशेष'. नाव कानाला छान लागतं, त्या नावाच्या मुलींबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण संस्कृतात असा शब्द नाही, हे मला त्या क्षणीच कळलं होतं. रूपं तोंडपाठ करून वाढलेला माणूस मी. तरीही डोळेझाक केली, कारण बाकी सगळं जमत होतं.

याच गावात निवृत्तिनाथांची समाधी आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता: चार भावंडांची नावं ओळीने घेतली तर संसारातून बाहेर पडण्यापासून मोक्षापर्यंतचा अख्खा रस्ता होतो. ज्यांना समाजाने वाळीत टाकलं होतं, त्या आईबापांच्या घरातली ही नावं. पौषातल्या यात्रेला दिंड्या येतात तेव्हा ती सबंध गावभर ऐकू येतात. आणि मी अर्थ शोधत होतो मोबाइलवर, तोही उसना.

याहून मोठी चूक दवाखान्यात झाली. नाशिकला बाळंतपण झालं, घरी सोडायच्या दिवशी जन्मनोंदणीचा फॉर्म हातात आला. त्यात बाळाच्या नावाचा रकाना. बायको आत सामान आवरत होती. मी पेन काढलं आणि लिहून मोकळा झालो. घाई कसलीच नव्हती. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, नावाची नव्हे. 1969च्या कायद्यानुसार नावाशिवाय नोंद होते. नाव पुढे 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. हे मला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारलंही नाही. एकदा लिहिलेलं नाव मात्र सहज पुसता येत नाही. लेखनातली चूक दुरुस्त होते, अख्खं नाव बदलायचं तर राजपत्राची वाट धरावी लागते. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्याचं वजन आणखी वाढलंय.

बारशाला ताईने, म्हणजे मुलीच्या आत्याने, मी चिठ्ठीवर दिलेलं नाव बाळाच्या कानात सांगितलं. पाठीवर धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या. नाव जाहीर झालं तेव्हा बायको पाळण्याच्या दोरीशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. तेवढ्यात नात्यातले एक निवृत्त संस्कृत शिक्षक पुढे आले. "वा! व्युत्पत्ती काय हो?"

यादीत वाचलं, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण समोर चार यजमान बसलेले. मी म्हणालो, "नय म्हणजे नीती, अधिक ईशा. गुणसंधी होऊन नयेशा. लोकांच्या तोंडी नायशा." संधी बिनचूक होती, बाकी सगळी थाप. मास्तर क्षणभर थांबले, "असं का," म्हणाले आणि घुगऱ्यांकडे वळले. त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय. यजमानांनी मात्र माना डोलावल्या. ज्या जिभेवर विश्वास ठेवून लोक आपल्या पितरांची नावं तिच्या हवाली करतात, त्याच जिभेने मी खोटं बोललो, ते सगळ्यात जास्त टोचलं.

पुढे जन्मदाखला आला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही लागतं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बायकोने दाखला दोनदा वाचला. "सरकारने माझं नाव लावलं," ती म्हणाली, "तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही." भांडली असती तर बरं झालं असतं. तिने दाखला कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून मुलीला उघड गोदा म्हणू लागली. आठवड्याभरात आई म्हणू लागली, मग वडील. ताईने फोनवर विचारलं, "गोदा कशी आहे?" माझ्या तोंडूनही एकदा तेच निघालं.

याच गावात 1870 साली जन्मलेल्या ढुंडिराज फाळक्यांना सारा देश दादासाहेब म्हणून ओळखतो. वापरातलं नाव कागदावरच्या नावाच्या पुढे जातं, याला दाखला शोधायला मला गावाबाहेर जावं लागलं नसतं. राजपत्राचं मी बायकोसमोर काढलं. ती म्हणाली, "राहू द्या. मोठी झाली की तिचं ती बघेल. तिला विचारून करू." शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं.

आता कुणी बाळाचं अक्षर विचारायला आलं, की मी अक्षर सांगतो आणि फॉर्ममधला रकाना कोरा ठेवायला सांगतो. घरात वर्षभर दोन-तीन नावांनी हाक मारून बघा, जे तोंडात बसेल ते लिहा. बहुतेकदा यजमानच बोलत असतात, म्हणून मी मुद्दाम शेजारी बसलेल्या आईला विचारतो, तुमच्या मनात काय आहे? तिच्याजवळ नाव तयार असतं. नवऱ्याला ते पहिल्यांदाच कळतंय, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसतं.

मी पुरता सुधारलो, असं मात्र नाही. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी कार्डावरचं नाव वाचून कौतुकाने अर्थ विचारला. "नय म्हणजे..." मी सुरुवात केलीच होती. बायको शेजारीच उभी होती, म्हणून वाक्य तिथेच राहिलं.