न झालेली लढत

तुमच्या गावच्या पारावर हा वाद कधी ना कधी झालाच असेल. गामा पैलवान आणि आपले मारुती माने यांची जोड लागली असती, तर अस्मान कुणी पाहिलं असतं? दोघांचा काळ वेगळा, गाठ पडणं अशक्य. तरी माणसं हातघाईवर येतात!

आमच्या घरी हाच वाद मुष्टियुद्धावरून चाले. थोरले बंधू अण्णा पलटणीत होते. तिथं त्यांना बॉक्सिंगचा नाद लागला. रजेवर आले की गोठ्यापुढं बाज टाकायची आणि सुरुवात व्हायची. त्यांचा माणूस रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ साली अजिंक्य असतानाच निवृत्त. माझा माणूस महंमद अली. अण्णा चिडून म्हणत, "पलटणीत जायला नकार देणाऱ्याचं कौतुक मला सांगतोस होय रे?" मी म्हणायचो, "अण्णा, त्यापायी त्यानं १९६७ साली हातातलं जगज्जेतेपद गमावलं. त्यालाही छाती लागते."

अमेरिकेतही लोक असेच भांडत. म्हणून मरे वोरोनर नावाच्या निर्मात्यानं १९६९ साली या दोघांनाच कॅमेऱ्यापुढं उभं केलं. निकाल ठरवायला संगणक! मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. त्यानं वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. निरनिराळे शेवट चित्रित झाले. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखवला गेला. त्यात मार्सियानोनं तेराव्या फेरीत अलीला लोळवलं. पण ते पाहायला तो स्वतः नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजीच विमान अपघातात तो गेला होता.

अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी आठ दिवस मला छळलं. मी म्हटलं, "यंत्राला घाम येतो का?"

पुढं वाटण्या झाल्या आणि बांधावरून आमचं फाटलं. दोन वर्षं बोलणं बंद. विहीर मात्र सामाईक. एका रात्री पाण्याची पाळी बदलताना अण्णा पाठमोरेच म्हणाले, "मार्सियानोनं आडवा केला असता तुझ्या अलीला." मी म्हटलं, "हाताला लागला असता तर ना!" थारोळ्याच्या कडेला तासभर बसलो. पाणी भलत्याच वाफ्यात गेलं, पण महिन्याभरात बांधाचा वाद मिटला.

जून २०१६ मध्ये अली वारला. अण्णा काठी टेकत माझ्या दारात आले. "मोठा माणूस होता रे," एवढंच बोलले. मी चहा ठेवायला सांगितला.

आता अण्णाही नाहीत. अली जिंकला असता, असं मी आज खुशाल म्हणू शकतो, पण 'नाही' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. तुमच्या घरी असा भाऊ असेल, अबोला असेल, तर आज संध्याकाळी जा आणि त्याचा पैलवान हरला असता म्हणून सांगा. तो भांडायला उठेल. भांडू द्या.