परतीचं पाकीट

लॅबमध्ये दरवर्षी मी एकच कापूस व्यापारी घेतो. त्याची गादी अमरावतीला, जिनिंग अकोल्याला, खरेदी केंद्र मूर्तिजापूरला. तिन्हीकडे चार-चार कॉम्प्युटर, एक स्विच, एक राउटर. तिन्ही जागा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, म्हणजे आयएसपीला जोडायच्या. सगळं सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरमध्ये, पडद्यावर. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला होता. आमचे पोट्टे त्या वाटेवरची वायर एका क्लिकमध्ये टाकतात. ना पाऊस, ना जेसीबी.

वायर टाकली की टोकांना लाल त्रिकोण. राउटरचे पोर्ट मुळात बंदच असतात. 'नो शटडाऊन' लिहिलं की हिरवे होतात. स्विचकडचं टोक मात्र अर्धा मिनिट नारिंगी राहतं. तेवढाही धीर नसलेले वायर काढून दुसरी लावतात, आणि अर्धा मिनिट पुन्हा पहिल्यापासून.

डिफॉल्ट रूट शिकवायला मला बडनेरा पुरतं. अमरावती फाट्यावरचं गाव; मुंबई-हावडा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो. मुंबई असो की कलकत्ता, रेल्वेनं निघालात की आधी बडनेरा. राउटरला हेच आठ शून्यांत सांगायचं: ठाऊक नसलेला कुठलाही पत्ता आला, पाठव आयएसपीकडे.

इथवर सगळ्यांचं जमतं. मग हाक येते, "सर, पाकीट जाऊन तं राह्यलं, पण वापस नाई येऊन राह्यलं."

पाकीट म्हणजे डेटाचं पॅकेट. ते टप्प्याटप्प्यानं बघायला मी सिम्युलेशन मोड लावायला सांगतो. इवलंसं पाकीट अमरावतीच्या कॉम्प्युटरवरून स्विचवर, राउटरवर, आयएसपीवर, तिथून पलीकडच्या सर्व्हरवर पोचतं. सर्व्हर उत्तर देतो. उत्तर आयएसपीच्या राउटरपर्यंत येतं आणि त्यावर लाल फुली पडते. बिचाऱ्याला पुढची वाटच ठाऊक नाही. पत्ता आहे १९२.१६८.१.१०, आणि १९२.१६८चे पत्ते म्हणजे गावोगावचा गांधी चौक. १९९६च्या आरएफसी १९१८नं ते खासगी वापराला मोकळे सोडलेत. कुणीही आपल्या घरात वापरावेत. नुसतं 'गांधी चौक' लिहिलेलं पत्र बाहेरचा पोस्टमन टाकणार कुठे?

हुशार पोट्टे सरळ आयएसपीच्या राउटरवर जाऊन परतीचा रूट लिहून मोकळे होतात. पिंग, म्हणजे जाऊन परत येणारं चाचणीचं पाकीट, चालतो, टाळ्याही पडतात. ही पळवाट मला खपत नाही. खऱ्या कामात तो राउटर दुसऱ्याचा. तुम्हाला त्याचं तोंडही दिसत नाही. म्हणून आता फाइल देतानाच मी त्या राउटरला पासवर्ड घालतो.

मग नॅटला, म्हणजे बाहेर पडताना खासगी पत्ता बदलून सार्वजनिक पत्ता लावण्याला, पर्याय उरत नाही. राउटरची आतली बाजू कोणती, बाहेरची कोणती ते सांगायचं, आतले कोणते पत्ते बाहेर पडतील त्याची यादी द्यायची आणि शेवटी 'ओव्हरलोड' लिहायचं. त्या एका शब्दावर चारही कॉम्प्युटर एकाच सार्वजनिक पत्त्यानं बाहेर पडतात. राउटर जिनिंगच्या गेटवरच्या मुनिमासारखा वहीत नोंद ठेवतो: कोण गेलं, कितव्या नंबरनं गेलं. उत्तर आलं की नंबर पाहून आत सोडतो. 'शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स' मारलं की ती वहीच समोर उघडते. मला पिंगच्या हिरव्या खुणेपेक्षा ती वही बघायला जास्त आवडतं.

गंमत म्हणजे आता अकोल्यालाही १९२.१६८.१.० हेच नेटवर्क दिलं तरी इंटरनेट चालतं. बरेच जण तसंच करतात. कॉपी-पेस्टमध्ये मेहनत वाचते.

यंदा मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, आता गादीवरून अकोल्याचा प्रिंटर दिसन का?"

नाही दिसणार. दोघं इंटरनेटला जोडले गेलेत, एकमेकांना नाही. त्यासाठी आयएसपीच्या पोटातून टनेल काढावा लागतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन वेगळी नेटवर्कं लागतात. तिनं स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं. दोन्हीकडे १९२.१६८.१.०.

"म्हंजे अकोल्याचे सगळे पत्ते बदलू?"

"सगळे," मी म्हटलं. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि तिनं अकोल्याच्या पहिल्या कॉम्प्युटरवर क्लिक केलं.