आमंत्रण द्यावे की न द्यावे

दिल्लीतील ज्या शासकीय वसाहतीत आम्ही राहतो, तेथे प्रत्येक मजल्यावर दोन घरे समोरासमोर आहेत. दारे उघडी असली की एका घरची फोडणी दुसऱ्या घरात कळते. आमच्या समोर दरभंग्याकडचे एक मैथिल कुटुंब राहते. गृहस्थ दुसऱ्या मंत्रालयात अवर सचिव आहेत, वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. २०२३ च्या गणेशोत्सवाला साधारण तीन आठवडे उरले असताना त्यांच्या पत्नीने जिन्यात सौ.ला थांबवून सांगितले की त्यांच्या मोठ्या मुलीला फुफ्फुसाचा क्षय झाल्याचे निदान झाले असून चार दिवसांपूर्वी औषधे सुरू झाली आहेत. मग म्हणाल्या, "भाभीजी, तुमच्याकडे माताजी आहेत, म्हणून सांगितले. बाकी कोणाला सांगितलेले नाही."

माताजी म्हणजे माझी आई. वय ८१, मधुमेहाला वीस वर्षे झालेली.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. संध्याकाळच्या आरतीला वसाहतीतील मराठी-अमराठी मिळून चाळीसेक माणसे येतात. समोरच्या वहिनी (त्या सौ.ला भाभीजी म्हणतात, आम्ही त्यांना वहिनी) गेली चार वर्षे आदल्या संध्याकाळपासूनच आमच्या स्वयंपाकघरात असत. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडण्यात त्यांचा हात आता सौ.पेक्षा सराईत झाला आहे, हे सौ.ही मान्य करते. त्यामुळे प्रश्न केवळ आमंत्रणपत्रिकेचा नव्हता.

शासकीय सेवेत तीस वर्षे काढलेल्या मनुष्याने अशा प्रसंगी जे करावे तेच मी केले. प्रकरण विचाराधीन ठेवले. पाच दिवस होकारही नाही आणि नकारही नाही. दरम्यान आमचे पुढचे दार, जे रात्री नऊपर्यंत उघडे असे, ते सात वाजताच लागू लागले. तसे करायचे असे आम्हा दोघांपैकी कोणीही ठरवले नव्हते. सहाव्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची गाठ पडली. त्यांनी काही विचारले नाही. मीच आपणहून बोलून गेलो, "यंदा गणपती अगदी साधेपणाने, घरच्यापुरताच करायचा विचार आहे." हे धादांत असत्य होते, मांडववाल्याला मी आदल्याच दिवशी आगाऊ रक्कम दिली होती. ते म्हणाले, "बरोबर आहे सर." आणि गाडीची काच वर केली.

संध्याकाळी मी आईला विचारले. मनात अशी अपेक्षा होती की ती उदारपणे काही बोलेल आणि माझी सुटका होईल. तसे झाले नाही. आई म्हणाली, "मला नको. त्या मुलीचे वाईट वाटते, पण मला भीती वाटते." तिचा मधला मामा मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये वारला, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. त्याचे अंथरूण अंगणात जाळलेले तिने पाहिले आहे. तिच्या लहानपणी प्रभावी औषध सर्वसामान्यांच्या आवाक्यात नव्हते, आणि त्या काळी हे भय अडाणीपणाचे नव्हते. माणसे खरोखरच मरत होती. तिचे ज्ञान जुने झाले होते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी आमच्या डिस्पेन्सरीतील डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रथम एकच गोष्ट विचारली: जंतू रिफॅम्पिसिनला दाद देणारा आहे का? मला ठाऊक नव्हते. मग त्यांनी शांतपणे जे सांगितले त्याचा सारांश असा. औषधांना दाद देणारा क्षय असेल आणि गोळ्या नियमित चालू असतील, तर साधारण दोन आठवड्यांत रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी होते. हा रोग ताट-पेल्यातून अथवा हस्तांदोलनातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, आणि तेही मुख्यतः बंद खोलीत दीर्घकाळ एकत्र राहिल्याने. आईवडिलांची तपासणी झाली असेल आणि त्यांना लक्षणे नसतील, तर त्यांच्यापासून भिण्याचे कारण नाही. आईचे वय व मधुमेह पाहता तिच्याबाबत थोडी अधिक सावधगिरी बाळगावी. शेवटी ते म्हणाले, "खिडक्या उघडा. एसी लावून चाळीस माणसे कोंडण्यापेक्षा तो उपाय सर्वांसाठीच बरा."

येथे थोडे विषयांतर करतो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. सर्व रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवण्याइतक्या खाटा देशात नव्हत्या आणि होण्याची शक्यताही नव्हती. तेव्हा १९३ रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटावर वर्षभर सॅनिटोरियममध्ये उपचार झाले, दुसऱ्यावर त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांत. औषधे तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की सकस आहार व विश्रांती मिळालेल्या सॅनिटोरियममधील रुग्णांच्या तुलनेत घरी राहिलेल्यांचे परिणाम फारसे उणे नव्हते. पुढे त्यांच्या घरच्या माणसांचाही पाठपुरावा झाला आणि घरी उपचार केल्याने त्यांचा धोका वाढला नाही, असे आढळले. रोग्याला घरात ठेवता येते हे जगाला शिकवण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्या देशात झाला. त्यानंतर साठहून अधिक वर्षांनी अर्थशास्त्राचा एक एम. ए. समोरच्या घरातील माणसांना आरतीला बोलवावे की नाही, या विवंचनेत होता.

अर्थशास्त्राचा उल्लेख उगाच केला नाही. पिगू यांनी शिकवले की एखाद्याच्या कृतीचा भुर्दंड तिऱ्हाइतावर पडत असेल, तर त्या कृतीवर कर लावावा. आम्हीही कर लावला होता. लवकर लागणारे दार आणि पार्किंगमधील ते वाक्य, हाच तो कर. परंतु तो खोकल्यावर बसला नव्हता. सांगण्यावर बसला होता. वसाहतीत दीडशे घरे आहेत. त्यांतील एकाच घराबाबत आम्हाला खात्रीने ठाऊक होते की तेथे निदान झाले आहे, औषध चालू आहे, तपासण्या होत आहेत, आणि नेमके तेच घर आम्ही वगळत होतो. २०२३ मध्ये भारतात क्षयाचे अंदाजे २८ लाख नवे रुग्ण होते आणि नोंद झालेल्यांची संख्या त्याहून सुमारे अडीच ते तीन लाखांनी कमी होती. या न नोंदलेल्यांपैकी काही जण तरी बोलण्याची किंमत मोजावी लागेल म्हणून गप्प असणार.

आमच्या जुन्या नियमकर्त्यांना हे चांगले समजले होते. पूर्वी 'क्वारंटाइन लीव्ह' नावाची एक रजा असे. कर्मचारी स्वतः धडधाकट, पण त्याच्या घरात पटकी, देवी, प्लेग, घटसर्प असा काही रोग शिरलेला. तेव्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर २१ दिवस, अपवादात्मक परिस्थितीत ३० दिवस त्याने कार्यालयात येऊ नये. ती रजा त्याच्या खात्यातून वजा होत नसे आणि वेतनही थांबत नसे. नियम लिहिणाऱ्याने ओळखले होते की पगार कापला तर हा मनुष्य मुकाट्याने कामावर येऊन बसेल. याउलट २०२० मध्ये कोविडच्या काळात अनेक ठिकाणी घरांच्या दारांवर सूचनापत्रे चिकटवली गेली. सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज ती लावू नयेत, असे त्या वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

गणपतीच्या चार दिवस आधी मी समोर गेलो. त्यांच्या गॅलरीत बसलो आणि पार्किंगमध्ये खोटे बोललो हे सांगितले. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन मुलीच्या तपासणीचा कागद घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. मी मागितला नव्हता. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देणारा होता. तो कागद वाचताना मला जितकी लाज वाटली, तितकी खोटे कबूल करतानाही वाटली नव्हती.

आईशी वाद घातला नाही. ती आरतीच्या वेळी आपल्या खोलीत बसेल आणि दार उघडे ठेवायचे की बंद हे तीच ठरवेल, असे ठरले. तिने ते बंद ठेवले. मोदकांना वहिनी आल्या नाहीत, सौ.ने बोलावले होते, पण त्यांनी मुलीच्या औषधांची वेळ पुढे केली. आरतीला नवरा-बायको आले. मुलगी आली नाही. पंखे चालू होते, खिडक्या उघड्या होत्या आणि पाहुणे उकाड्याने हैराण झाले होते. दोघे खिडकीपाशी उभे राहिले. प्रसादाच्या वेळी वहिनींनी पर्समधून स्टीलचा पेला काढून त्यात पाणी घेतले. ताट घेतले नाही, मोदक हातरुमालावर घेतला. पंधरा मिनिटांत दोघे परतले.

त्याच आरतीला माझे एक वरिष्ठ सहकारी सपत्नीक आले होते. ते तासभर सोफ्याच्या मधोमध बसून सतत खोकत होते. "हवा बदलली की असेच होते," असे म्हणाले. त्यांना काय झाले होते ते मला आजही माहीत नाही. बहुधा साधा खोकलाच असावा. मी त्यांना पाणी नेऊन दिले आणि आग्रहाने दुसरा मोदक वाढला.

मुलीचे उपचार फेब्रुवारी २०२४ अखेर पूर्ण झाले. त्या वर्षीच्या गणपतीला वहिनी आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे मोदकांना आल्या, दुसऱ्या दिवशी मुलगीही आली. आईने तिला जवळ बसवून वजन किती वाढले ते विचारले. पेला मात्र वहिनींच्या पर्समध्ये त्याही वर्षी होता. सौ.ने तो पाहिला, मीही पाहिला. आम्ही दोघेही काही बोललो नाही.